पाईनला सागवान करायला जाऊ नका

प्रश्न : आम्ही लातूरला राहतो. बदली होऊन निघालेल्या एका कुटुंबाकडून पाईनचं जुनं सामान घेतलं आहे. चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, दोन दारांचं कपाट आणि लेकरासाठी एक छोटा पलंग. टेबलावर कसलंसं चमकदार पॉलिश आहे, ते जागोजागी पापुद्रे सुटून उडतंय. कपाट जवळजवळ कोरं दिसतं, हात फिरवला की थोडं चिकट लागतं. पलंगाला निळा ऑइल पेंट आहे. मिस्त्री म्हणतात, सगळं घासून टीक कलर (सागवानी रंग) मारू, वर मेलामाइनचं कडक पॉलिश, अगदी सागवान वाटेल. सासूबाई म्हणतात, घाण्याचं जवसाचं तेल घरात आहे, तेच चोळा. मला लाकडाचा मूळ फिकट रंग आवडतो. पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे. काय लावू?

उत्तर : तिन्ही वस्तूंना मिळून एकच पॉलिश, हा मिस्त्रींच्या सोयीचा हिशेब झाला. त्यात त्यांचं चुकतं असं नाही. एकच माल, एकच फवारा आणि एका दमात सगळे नग, तरच त्यांना मजुरी परवडते. पण टेबलावर रोज भांडी टेकणार, कपाट भिंतीला लागून नुसतं उभं राहणार आणि पलंगाची कड तुमचं लेकरू चावणार. तिघांचा वापर वेगळा, तर पॉलिशही वेगळं असू द्या. फिकट रंगाची तुमची आवड मात्र तिन्हीकडं चालेल, तिच्यावर ठाम राहा.

आधी टीक कलरचं बघू, कारण तो एकदा लाकडात मुरला की काढणं महाकठीण. पाईनची फळी जरा जवळून बघा. रुंद फिकट पट्टा आणि त्याला लागून बारीक गडद रेघ, पुन्हा फिकट पट्टा, पुन्हा रेघ. फिकट भाग मऊ असतो, रेघ टणक. पातळ रंग लावला की मऊ भाग तो घटाघटा पितो आणि टणक रेघ जवळजवळ काहीच घेत नाही. मग फिकट होतं ते गडद पडतं आणि गडद रेघ उजळ दिसायला लागते, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं सगळं उलटं. त्यात भर म्हणजे चट्टे. फळी जिथं आडवी कापलेली असते तिथं, आणि गाठींच्या भोवती, रंग ढगाळ होऊन बसतो. सागवानाला स्वतःचं तेल असतं, त्याची रेषा वेगळी, वजन वेगळं. पाईनला टीक कलर मारला की ते सागवान दिसत नाही, रंग मारलेलं पाईन दिसतं.

मिस्त्रींशी वाद घालत बसू नका. टेबल उलटं करा, खालच्या बाजूला वीतभर जागा १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा आणि म्हणा, काका, इथं एक हात मारून दाखवा. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या उजेडात दोघांनी मिळून बघा. घरात कुणाला गडदच हवं असेल तर रंग लाकडाला द्यायचा नाही, वरच्या थराला द्यायचा. आधी लाखेचा एक पातळ हात देऊन लाकडाची तहान भागवायची आणि मग पॉलिशमध्येच थोडा स्टेनर, म्हणजे रंग देणारं द्रव्य, मिसळून लावायचा. चट्टे पुष्कळ कमी होतात. पण माझं ऐकाल तर तेही करू नका. पाईन घरातल्या उजेडानं आपलं आपणच बदलतं, वर्षा-दोन वर्षांत छान मधाळ होतं. फक्त टेबलाच्या मधोमध कायम एकच फळांची टोपली ठेवू नका, तिच्याखाली फिकट गोल राहतो.

मेलामाइनला माझा विरोध नाही. सागवानी दाराला, प्लायवरच्या विनिअरला ते शोभतं आणि टिकतं. अडचण पाईनच्या मऊपणाची आहे. टेबलाच्या खालच्या बाजूला अंगठ्याचं नख जोरात दाबून बघा, खूण उठेल. मेलामाइनचा थर कडक आणि ठिसूळ असतो. खालचं लाकूड दबलं की वरचा थर त्याच्याबरोबर वाकत नाही, तडकतो. मग स्टीलचा तांब्या पडला तिथं पांढरी चंद्रकोर. ती तेवढ्यापुरती दुरुस्त होत नाही, अख्खी फळी घासावी लागते. शिवाय त्यात आम्लाचा हार्डनर असतो आणि वाळताना फॉर्माल्डिहाइडचा उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात. लेकराच्या खोलीत मला तो नको.

आता सासूबाईंचं जवस. त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. जवसाचं तेल लाकडाला लावण्याची पद्धत जगभर जुनी आहे, आणि आपल्याकडं तर जवस नि करडई ही रब्बीची घरचीच पिकं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून ते लाकडावर ‘वाळतं’. शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही, ते नुसतं खवट होतं. पण घाण्यावरचं कच्चं जवस वाळायला अतिशय वेळ घेतं. दिवस नाही, कधी कधी आठवडे. तोवर लातूरच्या उन्हाळ्यातली सगळी धूळ त्यावर बसणार, आणि पावसाळ्यात वर बुरशीचे काळे ठिपके. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉईल्ड लिनसीड’ म्हणून मिळतं त्यात लवकर वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात, म्हणून ते एक-दोन दिवसांत सुकतं. पण तेही पाईनला पिवळट-नारिंगी करतं, म्हणजे तुमचा फिकट रंग गेलाच. घरचं तेल चटणीच्या जवसाशेजारी राहू द्या. आणि कुणी तेल लावलंच, तर पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेतं. आपल्या एप्रिल-मेमध्ये तर जास्तच धोका. फडकी एकेक करून बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

नवीन काय लावायचं हे ठरण्याआधी जुनं काय आहे हे कळलं पाहिजे. त्यासाठी रंगाच्या दुकानातून थोडं स्पिरिट, थोडा एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा) आणि टर्पेंटाईन आणा. टेबलाच्या खाली, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा कापसाचा बोळा मिनिटभर दाबून ठेवा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते लाखेचं आहे. स्पिरिटनं काही झालं नाही आणि थिनरनं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन किंवा वॉर्निश समजा. तुमच्या टेबलाचे पापुद्रे सुटतायत म्हणजे बहुधा लॅकर किंवा त्याच जातीचं काही तरी आहे. कपाट चिकट लागतं म्हणता, त्यावर मला मेणाचा संशय आहे. मेण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ पडतं आणि धूळ धरतं. टर्पेंटाईनमध्ये भिजवलेलं फडकं घासून बघा. फडक्यावर पिवळा-तपकिरी चिकट मळ आला तर मेणच. ते पूर्ण निघेपर्यंत फडकी बदलत पुसत राहा, कारण खाली मेण राहिलं तर वरचं कुठलंही पॉलिश धरणार नाही. एका ठिकाणी गोल गोल खड्डे पडतील, दुसरीकडं महिन्याभरात सालं निघतील.

त्याच वेळी फळ्यांच्या मागची बाजू तपासा. संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत परदेशी मशिनरी पाईनच्या खोक्यांतून येते आणि त्या खोक्यांचं लाकूड पुढं फर्निचरला जातं. असं लाकूड असेल तर कुठं तरी गव्हाच्या ओंबीचा शिक्का दिसेल. त्यात ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवलेलं आहे, बिनधास्त वापरा. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. असली फळी पलंगाला निघाली तर मी तेवढी बदलून घेईन. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली ताजा भुस्सा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. आधी औषध, मग पॉलिश.

आता टेबल. इथं सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि ती घ्यावीच लागते. वरची फळी पूर्ण कोरी करा. पाय आणि खुर्च्यांचं पॉलिश घट्ट बसलेलं असेल तर ते नुसतं खरवडून खडबडीत करून घेतलं तरी भागेल. घासताना पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी पेपर दाबून घासलं की मऊ पट्टे खोल जातात, टणक रेघा वर उरतात आणि पॉलिश झाल्यावर फळी लाटालाटांची दिसते. मशीन वापरणार असाल तर एका जागी थांबू नका, तेच होतं. आधी ८०, मग १२०, मग १८०, कायम रेषेच्या दिशेनं. आडवा एक ओरखडा राहिला तरी पॉलिशखाली तो उठून दिसतो.

जुन्या टेबलाला खळगे असणारच. लांबी (पुट्टी) भरण्याची घाई नको. खळग्यावर ओलं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. वाफ आत जाते, दबलेले तंतू फुगतात, खळगा वर येतो. दोन-तीनदा करावं लागेल. जिथं तंतू तुटलेले आहेत तिथं मात्र हे चालत नाही, तिथंच लांबी. हे सगळं कोऱ्या लाकडावरच करायचं, पॉलिशवर इस्त्री टेकवाल तर पांढरा डाग पक्का.

गाठी टेबलाच्या शोभेच्या आहेत, पण त्यांत राळ असते. उन्हाळ्यात ती पाझरते, आणि पेंट मारला असेल तर वर पिवळा डाग येतो. गाठ टर्पेंटाईननं पुसून कोरडी करा आणि तिच्यावर लाखेचे दोन पातळ हात द्या. इथं एक बारीक गोष्ट. बाजारातल्या साध्या चपडा लाखेत मूळचं मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही. मेण काढलेली लाख मिळाली तर उत्तम. नाही तर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून काचेच्या बरणीत हलवाहलव न करता ठेवा. मेण तळाशी दुधट बसतं, वरचं निवळ तेवढं हळूच ओतून घ्या. लोखंडी डब्यात लाख भिजवू नका, काळी पडते.

टेबलाला मी पाण्यावर आधारलेलं मॅट पीयू सुचवीन. ते पिवळं पडत नाही, वास फार नसतो आणि थर थोडा लवचीक राहतो, म्हणजे पाईन दबलं तरी लगेच तडकत नाही. आधी फळीवर ओलसर फडकं फिरवा. तंतू उभे राहतील. पूर्ण वाळल्यावर २२० नंबरनं हलकेच घासा आणि मगच पहिला हात. पातळ करायला बोअरचं पाणी घालू नका. लातूरच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे तुमची बादलीच सांगेल. आरओचं पाणी घ्या, आणि डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त नाही. वरच्या फळीला तीन-चार हात, दोन हातांमध्ये बारीक घासणी. लोखंडी घासणी वापरू नका, तिचे तुकडे अडकून गंजाचे ठिपके येतात. फळीच्या खालच्या बाजूलाही दोन हात हवेतच. खालचं कोरं ठेवलं की फळी एकाच बाजूनं दमट हवा ओढते आणि बशीसारखी वाकते. मिस्त्री इथं टाळाटाळ करतील, ‘तिकडं कोण बघतंय’ म्हणतील.

पीयू बोटाला कोरडं लागलं म्हणजे पक्कं झालं असं नसतं. पुरतं कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर जेवा खुशाल, पण पाणी सांडलं की लगेच पुसा. टेबलावर ते पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर टाकण्याचा मोह होईल, तो तर कायमचाच आवरा. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, उन्हाळ्यात कव्हर चिकटतं आणि काढताना थर घेऊन येतं. गॅसवरून उतरवलेली कढई थेट टेकवू नका, खाली चुंबळ किंवा पाट. हळदीचा डाग पडला तर घासत बसण्यापेक्षा साबणाच्या पाण्यानं पुसा आणि ती बाजू खिडकीच्या उन्हात येईल असं टेबल फिरवा. हळदीचा पिवळेपणा उन्हानं बराच उडतो.

कपाटाला मात्र लाखच. एकदा मेण निघालं की लाखेसारखं सोपं काही नाही. मिनिटांत सुकते, खराब झाली तर त्याच जागी पुन्हा पुसून लावता येते, जुना थर नव्यात विरघळून एकजीव होतो. झारखंडातल्या जंगलात किड्यांनी झाडांच्या फांद्यांवर केलेला हा माल आहे, रांचीला त्याच्यासाठी १९२४ सालापासून संशोधन संस्था आहे. लिटरभर स्पिरिटला दोनशे ग्रॅमच्या आसपास लाख रात्रभर भिजू द्या, सुती कापडातून गाळा, आणि आत कापूस घातलेल्या कापडी पोटलीनं लांब सरळ हात मारा. ओल्या जागी पुन्हा पोटली फिरवायची नाही, ओढल्याच्या खुणा राहतात. चार-पाच पातळ हात पुरेत. भिजवलेली लाख वर्षभर ठेवून वापरू नका, ती पुढं नीट कडक होत नाही. कपाटाच्या आतल्या बाजूलाही लाखच लावा किंवा कोरंच ठेवा, तेल अजिबात नको. बंद जागेत तेलाचा वास जात नाही, साड्यांना लागतो.

लाखेला पाणी आणि दारू दोन्ही सोसत नाहीत. दारूचं तुमचं तुम्ही बघा, पाण्याचं सांगतो. उन्हाळ्यात कूलर कपाटाच्या समोर लावू नका. कूलरची ओली हवा सतत लागली की लाखेवर पांढरट झाक येते आणि पाईनची दारं फुगून चौकटीत अडकतात. मग मिस्त्री रंधा मारून दार बारीक करतात, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की फटी पडतात. दारं आता, कोरड्या दिवसांत, थोडी सैलच असू द्या. कपाटाच्या पायांच्या तळाला, जिथं लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथं लाखेचे दोन-तीन हात जास्त द्या आणि खाली नायलॉनच्या टोप्या बसवा. वाळवीला कुठलंही पॉलिश अडवत नाही, पण जमिनीची ओल निदान लाकडात चढत नाही.

पलंगाचा निळा पेंट मला टेबलापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर चालत नाही, आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. तुमचा पलंग त्याआधी रंगवला असेल तर त्या पेंटमध्ये शिसं असू शकतं, आणि लेकरं पलंगाची कड चावतात हे कुणाला सांगायला नको. म्हणून कोरडं घासणं पूर्ण बंद. धूळ उडते, ती लेकराच्या पोटात जाते. कधी रंगवला हे विकणाऱ्यांना फोन करून विचारा. त्यांनाही माहीत नसेल किंवा जुना निघाला, तर पेंट रिमूव्हरनं मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, मिस्त्रींकडून काढून घ्या, लेकराला त्या दिवशी आजीकडं पाठवा, आणि खरवडलेला पेंट अंगणात झाडून टाकू नका, पिशवीत बांधा. अलीकडचा असेल आणि घट्ट बसलेला असेल तर ओल्या वॉटर पेपरनं हलकं घासून वरून शिसंविरहित वॉटर-बेस्ड इनॅमलचे दोन हात द्या. निळा रंग लेकराला आवडत असेल तर तोच ठेवा. कोऱ्या पाईनचा पलंग हवा असेल तर तोच टेबलाचा पीयू, पण पुरता कडक होईपर्यंत त्यावर झोपवू नका.

पावसाळ्याच्या आत हे शक्य आहे, फक्त वेळ सांभाळा. चाळीस अंशांच्या दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये पीयू मारलं की ब्रश उचलायच्या आत सुकायला लागतं, बुडबुडे आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात. सकाळी लवकर सुरू करून नऊ-साडेनऊला आवरा. वारा सुटायच्या आधी, आणि त्याआधी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवा. वळवाचं वातावरण असेल त्या दिवशी लाखेला हात लावू नका, दमट हवेत ती पांढुरकी पडते. मृग लागेपर्यंत टेबल झालं नाही तर घाई करू नका. कपाट आणि टेबल दिवाळीनंतरही चालतील, त्या वेळची हवा या कामाला मेपेक्षा केव्हाही चांगली. पलंग मात्र आधी घ्या.

मिस्त्रींना मजुरी नगावर न ठरवता वेगवेगळी सांगायला लावा. घासणी वेगळी, हात वेगळे. नाही तर घासणीचाच वेळ आधी कापला जातो. आणि टेबलाच्या खालचा तो वीतभर नमुना झाला की त्याचा दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मला पाठवा. वरच्या फळीचा नको, ती सुरू करायच्या आधीच बघू.